भ्रूणाची पारख

(वाचनासाठी शास्त्रभाग : १ शमुवेल, अध्याय १, स्तोत्र १३९, योहान, अध्याय ९)

गेल्या पावसाळ्यात बुधवारचा शास्त्राभ्यास आटोपल्यावर एक जोडपे मागे थांबले. दोघेही आमच्या बेळगावच्या मंडळीतलेच. नावे सांगण्याचे कारण नाही. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याला थॅलॅसेमिया मेजर आहे. आठ महिन्यांचा असल्यापासून दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवावे लागते. वारंवार बाहेरचे रक्त दिल्याने शरीरात लोह साठते, ते काढून टाकण्यासाठी रोजचे औषध वेगळेच. बाईंनी विचारले, "भाऊ, दुसऱ्या बाळासाठी डॉक्टर म्हणतात, गर्भ बाहेर तयार करायचा, तपासायचा आणि निरोगी असेल तोच पोटात ठेवायचा. देवाच्या दृष्टीने हे पाप आहे का?"

आम्ही लागलीच उत्तर दिले. देव देईल ते घ्यावे, निवडानिवड करणे माणसाच्या हाती नाही, असे काहीबाही बोललो. नवरा गप्प राहिला. बाई एवढेच म्हणाल्या, "सुई टोचताना त्याला धरून मीच बसते, भाऊ." आणि दोघे छत्री उघडून निघून गेले.

वाटेने घरी येताना आमच्या ध्यानात आले की ज्या गोष्टीविषयी आम्हांला काडीचे ज्ञान नव्हते तिच्याविषयी आम्ही निवाडा दिला होता. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेत आम्हांला ख्रिस्ती नीतिशास्त्राचा एक पेपर होता. त्यात युद्ध होते, घटस्फोट होता, मद्यपान होते, हे नव्हते. यास्तव पुढचे काही महिने आम्ही डॉक्टरांना विचारले, वाचले, कायदा पाहिला आणि पुन्हा शास्त्राकडे आलो. तो अभ्यास वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण असे जोडपे आज ना उद्या प्रत्येक मंडळीत मागे थांबणार आहे.

प्रथम ही क्रिया काय आहे ते समजून घेऊ. इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राऊन ही मुलगी जन्मली. शरीराबाहेर गर्भधारणा होऊन जन्मलेले जगातील ते पहिले मूल. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी या तिघांचे ते काम. त्यानंतर जेमतेम सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने अशीच एक मुलगी जन्मली. पण आपल्याच देशातल्या जाणत्यांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांची हेटाळणी झाली आणि १९८१ साली त्यांनी स्वतःचा जीव दिला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून जन्मलेली मुलगी पुष्कळ वर्षे भारतातली पहिली म्हणून गणली गेली. मुखोपाध्यायांना त्यांचा मान मिळाला तो मरणानंतर.

या उपचारात स्त्रीला इंजेक्शने देऊन एका वेळी अनेक स्त्रीबिजे पक्व करतात, ती बाहेर काढतात आणि प्रयोगशाळेत पतीच्या शुक्रजंतूंशी त्यांचा संयोग घडवतात. दहा बिजे मिळाली तरी पाचव्या दिवसापर्यंत दोन-तीनच भ्रूण पोचले, असे पुष्कळदा होते. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण म्हणजे शे-सव्वाशे पेशींचा, आत पोकळी असलेला एक सूक्ष्म गोळा असतो. आतल्या बाजूच्या पेशींपासून बाळ होते, बाहेरच्या थरापासून वार होते. तपासणीसाठी त्या बाहेरच्या थरातल्या पाच-दहा पेशी काढून घेतात. मग भ्रूण द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवतात आणि अहवाल आल्यावर कोणता भ्रूण गर्भाशयात ठेवायचा ते ठरते.

आता इथे एक भेद नीट लक्षात घेतला पाहिजे, कारण आम्ही त्या बुधवारी तोच केला नव्हता. 'गर्भाची तपासणी' या एकाच नावाखाली निरनिराळ्या गोष्टी चालतात. एक आहे ती घरात ठाऊक असलेल्या एका विशिष्ट रोगासाठी. आईबापांचे आणि आजारी मुलाचे रक्त घेऊन त्या कुटुंबाच्या दोषापुरतीच ती बेतलेली असते. थॅलॅसेमियात आईबाप दोघेही वाहक असतात. स्वतः धडधाकट, पण दोघांकडून दोष आला तर मूल आजारी. प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता रोगाची, दोन वाहक होण्याची आणि एक पूर्ण मुक्त असण्याची. अशा जोडप्यासमोर आणखी एक वाट असते, ती म्हणजे दिवस राहिल्यावर अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा अंश तपासायचा आणि मूल आजारी निघाले तर गर्भपात करायचा की नाही ते तेव्हा ठरवायचे. भ्रूणाची तपासणी त्या आईला ती रात्र टाळू देते. आम्हांला हे माहीत नव्हते. भ्रूण तपासण्यात काही चूकभूल राहू शकते म्हणून डॉक्टर पुढे गरोदरपणातही खात्री करून घ्यायला सांगतात, हेही सांगून ठेवतो.

दुसरी तपासणी आहे ती गुणसूत्रांची संख्या मोजणारी. घरात कसलाही रोग नसताना, केवळ उपचाराला यश यावे म्हणून ती सुचवली जाते, आणि तिचा खर्च मूळ खर्चावर चढतो. तरुण आणि बरे भ्रूण मिळालेल्या १,२१२ स्त्रियांचा चीनमध्ये अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासणी केलेल्यांपैकी शेकडा ७७ जणींना मूल झाले, न केलेल्यांपैकी शेकडा ८२ जणींना. म्हणजे अशा स्त्रियांना तपासणीने काही जास्त पदरात पडले नाही. त्याआधी २०१५ साली इटलीतील डॉक्टरांनी ज्यांच्या काही पेशी सदोष आणि काही निर्दोष दिसत होत्या असे भ्रूण, दुसरा उरला नव्हता म्हणून, १८ स्त्रियांच्या गर्भाशयात ठेवले. सहा बाळे निरोगी जन्मली. अहवालात 'अयोग्य' लिहिलेले सगळेच अयोग्य नसते. मूल होत नाही म्हणून आधीच रडकुंडीला आलेल्या बाईसमोर कोणी हा कागद ठेवील तेव्हा तिच्यासोबत कोणीतरी शांत डोक्याचे माणूस असावे.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे आपल्या देशात हा विषय काढला की लोक दार लावून घेतात. भ्रूण तपासून जगातली पहिली गर्भधारणा लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात अॅलन हँडीसाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली घडवून आणली. ज्या कुटुंबांत मुलग्यांनाच जडणारे भयंकर रोग होते तिथे त्यांनी भ्रूण मुलीचा की मुलाचा एवढेच पाहिले, आणि मुलीचे भ्रूण गर्भाशयात ठेवले. ही विद्या जन्माला आली ती मुली निवडून. आपल्याकडे ती कशासाठी वापरली गेली असती ते सांगायला नको. १९९१ साली महाराष्ट्रात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३. २०११ साली ८९४. हे आकडे बव्हंशी सोनोग्राफीचे आणि गर्भपाताचे आहेत, भ्रूण तपासणीचे नव्हेत. पण इच्छा तीच. महाराष्ट्राने १९८८ साली देशात प्रथम कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ साली झाला आणि २००३ साली त्यात गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही आणली गेली. तीवरची बंदी उठवावी म्हणून एका जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात मागणी केली होती. २००५ साली ती फेटाळली गेली. २०२१ च्या प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने भ्रूणतपासणी ठाऊक असलेल्या, आनुवंशिक रोगांपुरती ठेवली आहे, आणि हवे ते लिंग देऊ अशी जाहिरात करणाऱ्याला पाच ते दहा वर्षांचा कारावास, दहा ते पंचवीस लाखांचा दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. तपासणीत लिंग दिसतेच. ते सांगण्यास मनाई आहे. ख्रिस्ती घरांत असे होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील दोन मुलींनंतरची घरे एकदा पाहावीत. आम्ही पाहिली आणि वही मिटून ठेवली.

आता शास्त्राकडे येऊ. हन्नाची गोष्ट आपण मातृदिनाला वाचतो आणि शमुवेल जन्मला की आनंदाने मिटतो. पण ती मूल मागत असताना आजूबाजूची माणसे काय करीत होती ते पाहा. पनिन्ना टोचून बोलत होती. एलकाना, बिचारा प्रेमळ, आपण तिला पुरेसे का नाही असे विचारीत होता. आणि एली याजक, देवाच्या घराच्या दाराशी बसलेला, तिचे ओठ हलताना पाहून तिला दारू चढली आहे असे समजला. त्या बुधवारी आम्ही एली झालो होतो. एलीच्या बाजूने एवढे म्हणता येईल की तिचे ऐकून घेतल्यावर त्याने आपले बोलणे फिरवले. संततीची तळमळ ही शास्त्रात कोठेही निर्भर्त्सनेचा विषय नाही. सारा, राहेल, अलीशिबा या सर्वांची देवाने दखल घेतली. परंतु मूल मिळवण्यासाठी साराने हागारला वापरले तेव्हा त्या घरात काय झाले तेही शास्त्राने झाकले नाही. तळमळ शुद्ध असली तरी मार्ग तपासावा लागतो.

एकशे एकोणचाळिसावे स्तोत्र या वादात दोन्ही बाजूंनी फेकून मारले जाते. आमच्या अल्प बुद्धीप्रमाणे ते स्तुतीचे गीत आहे. कवी आपल्या स्वतःविषयी म्हणतो की आकार येण्याआधीही देवाने त्याला पाहिले होते. पाचव्या दिवसाच्या शंभर पेशींना व्यक्ती म्हणावे की न म्हणावे, या प्रश्नाचे उत्तर त्यात शोधणे म्हणजे गीताला कायद्याचे कलम करणे होय. तरी ज्याने हे स्तोत्र प्रार्थनेत म्हटले आहे त्याला त्या शंभर पेशींना केराची टोपली दाखवताना हात कापल्यावाचून राहणार नाही. एवढे आम्ही निश्चयाने म्हणतो.

याबाबतीत ख्रिस्ती लोकांचे एकमत नाही. रोमन कॅथॉलिक मंडळीने १९८७ साली शरीराबाहेरची गर्भधारणाच नाकारली. प्रोटेस्टंटांत मतभेद आहेत. इंग्लंडमध्ये १९८४ साली वॉरनॉक समितीने भ्रूणावरील संशोधनाला चौदा दिवसांची मर्यादा घालावी असे सुचवले. १९९० साली त्याचा कायदा होताना यॉर्कचे आर्चबिशप जॉन हॅबगुड, जे स्वतः विज्ञानाचे शिकलेले होते, मर्यादेत संशोधनाच्या बाजूने उभे राहिले. त्याच चर्चचे ऑलिव्हर ओडोनोव्हन यांनी मात्र १९८४ च्या आपल्या छोट्या पुस्तकात वेगळाच प्रश्न टाकला. मूल हे जन्म दिलेले असते की घडवलेले? नायसियाच्या मतांगिकारात देवाच्या पुत्राविषयी जो भेद केला आहे तोच त्यांनी मुलांना लावला. आपण ज्याला जन्म देतो तो आपल्या बरोबरीचा असतो. जे घडवतो ते आपल्या मर्जीचे असते, आणि मर्जीप्रमाणे न उतरले तर परत करता येते. हा विचार आम्हांला फार खोल वाटतो. अमेरिकेत आता काही कंपन्या भ्रूणाच्या शेकडो-हजारो जनुकीय खुणा मोजून पुढे मधुमेह होईल का, बुद्धी किती असेल, याचे अंदाज विकू लागल्या आहेत. तिथे मूल घडवलेले झाले आहे यात शंका नाही. पण दर तीन आठवड्यांनी सुई पाहणारी आई जेव्हा एवढेच मागते की याला तरी हे नको, तेव्हा ती मूल घडवते आहे असे आम्हांला म्हणवत नाही.

मग राहतो बाजूला ठेवलेल्या भ्रूणाचा प्रश्न. निसर्गातही कितीतरी भ्रूण आपोआप गळून जातात, आईला कळतही नाही, तेव्हा एवढे मनाला का लावून घ्यावे, असे एका डॉक्टरांनी आम्हांला विचारले. माणसे मरतातच, म्हणून मारण्याला हरकत नाही असे होत नाही, हे आमचे उत्तर. पण आजारी भ्रूण गर्भाशयात न ठेवणे हे मारण्यासारखेच आहे असेही आम्ही छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. आमच्या मंडळीतील एक वयोवृद्ध पंच, ज्यांचा आम्ही आदर करतो, ते म्हणतात की ते मारणेच आहे. त्यांच्याशी आम्ही दोन वेळा बसलो. आमचे एकमत झाले नाही, प्रार्थना मात्र एकत्र झाली.

याहून कठीण प्रश्न बाईंनीच मांडला. पुढल्या भेटीत त्या म्हणाल्या, "उद्या माझ्या मुलाने विचारले, आई, मला आधीच तपासले असते तर तुम्ही मला ठेवले असते का, तर मी काय सांगू?" आम्ही या वेळी लगेच बोललो नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे पाहून विचारतात की पाप कोणाचे. प्रभू तो प्रश्नच नाकारतो आणि त्या माणसाकडे वळतो. आमच्या मंडळ्यांत आजही तो प्रश्न कुजबुजीत चालू आहे. रक्त चढवून आलेले मूल शब्बाथशाळेत बसते तेव्हा मागच्या बाकावर कोणाच्या वंशातून आले याची चर्चा होते. अशा मंडळीतल्या आईने तपासणीचा मार्ग धरला तर तिला दोष कोणी द्यावा? योनाथानाचा पांगळा मुलगा मफीबोशेथ दावीदाच्या मेजावर नित्य जेवत असे; आपल्या मेजावर त्याच्यासारख्यांना जागा नसेल तर भ्रूणाच्या पावित्र्यावरचा आपला उपदेश पोकळ ठरतो. मुलाला काय सांगावे याचे आम्हांला सुचले ते असे: "तू आहेस, म्हणून तुझ्या दुखण्याशी आमचे भांडण आहे, तुझ्याशी नाही." ते त्याला पटेल की नाही हे तो मोठा झाल्यावर कळेल.

आणखी एका गोष्टीविषयी त्यांना विचारले गेले होते. धाकटे बाळ निरोगी तर असावेच, शिवाय त्याचा अस्थिमज्जा मोठ्या भावाशी जुळावा, असा भ्रूण निवडायचा का? अमेरिकेत २००० साली असे बाळ जन्मले. आपल्या देशात अहमदाबाद येथे धाकट्या बहिणीचा अस्थिमज्जा थॅलॅसेमियाच्या भावाला दिला गेला, ते २०२० साली वर्तमानपत्रांत आले. बहीण तेव्हा दीड वर्षाच्या आसपास होती आणि भावाचे रक्त चढवणे थांबले. हिशेब असा की रोग नसण्याची शक्यता चारांत तीन, मज्जा जुळण्याची चारांत एक. दोन्ही मिळून सोळांत तीन. म्हणजे भ्रूण पुष्कळ करावे लागतात, आणि पुष्कळ बाजूला राहतात. प्रथम ऐकले तेव्हा आम्हांला शहारा आला. एक मूल दुसऱ्यासाठी जन्माला घालायचे! मग मनात आले, म्हातारपणाची काठी म्हणून, वंशाला दिवा म्हणून मूल मागणारे आपण कोणत्या तोंडाने बोलणार? मज्जा लागू पडला नाही तरी ती मुलगी तितकीच लाडकी राहील का, हे त्या आईबापांनी आधी स्वतःला विचारावे. बाहेरच्याला ते ठरवता येत नाही. आमच्या जोडप्याने हा मार्ग सोडला, आणि तो सोडावा असे आम्ही सांगितले नव्हते.

आम्ही त्यांना सांगितले ते थोडे होते. ठाऊक असलेल्या या एका रोगासाठी तपासणी करण्यात आम्ही तुम्हांला अडवीत नाही. लागतील त्याहून जास्त भ्रूण तयार करू नका. डॉक्टरांना हे आधीच सांगता येते. वाहक निघालेला भ्रूण निरोगीच असतो, तुम्ही दोघे तसेच आहात, त्याला नाकारू नका. उरलेल्यांचे काय करायचे ते सही करण्यापूर्वी दोघांनी बसून बोला. कायद्याने ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, पण दहा वर्षे म्हणजे निर्णय नव्हे.

हे सगळे काही लाख रुपयांच्या उपचाराविषयी झाले. ज्यामुळे तिथवर यावेच लागू नये ती गोष्ट एका रक्ततपासणीत होते. लग्न ठरण्यापूर्वी वधूवरांनी हिमोग्लोबिनचा प्रकार पाहणारी चाचणी केली तर दोघे वाहक आहेत का ते कळते. आमचे पाळकसाहेब आता लग्नापूर्वीच्या समुपदेशनात ती सुचवतात. पहिल्याच वर्षी एका घरात मुलगी वाहक निघाली म्हणून सोयरीक मोडण्याची भाषा झाली; मुलाची तपासणी केलेलीच नव्हती! एक जण वाहक असल्याने मुलांना हा आजार होत नाही, हे त्या घरी तीन वेळा जाऊन सांगावे लागले. लग्न झाले. सिकल सेलच्या बाबतीतही बव्हंशी हेच लागू आहे. खानदेश, विदर्भ, मध्य प्रदेश आणि गुजरातच्या आदिवासी भागांतल्या मंडळ्यांनी तेवढीच काळजी घ्यावी, कारण तिथे तो जास्त आढळतो.

जोडपे फेब्रुवारीत पुण्याला जाऊन आले. पाचव्या दिवसापर्यंत तीन भ्रूण पोचले. एक आजारी, एक वाहक, एक मुक्त. आजारी निघालेल्याचे काय करायचे त्या फॉर्मवरची चौकट त्यांनी अजून भरलेली नाही, आणि आम्ही विचारलेले नाही. मुलाची पाळी दर तिसऱ्या गुरुवारी असते. रक्तगट बी पॉझिटिव्ह. तरुण संघाने रक्तदात्यांची वर्षभराची यादी केली आहे. त्यात मे आणि ऑक्टोबर हे दोन महिने अजून मोकळे आहेत.